निसर्ग वादळ, पंचनामा आणि आमची पोफळीची वाडी

२०२१ च्या मेमधलं तौक्ते वादळ येऊन गेल्यापासून ओळखीतले आणि ओळखीच्यांच्या ओळखीतले बरेच जण फोन करून तेच तेच विचारतात. पंचनाम्याला काय काय लागतं, पैसे खरंच येतात का, सातबारावर अजून आजोबांचं नाव आहे तर कुणाला मिळणार, पडलेली झाडं उचलली तर चालेल का. फोनवर प्रत्येकाला अर्धं अर्धं सांगितलं जातं म्हणून आमचं जून २०२० च्या निसर्ग वादळाच्या वेळचं सगळं क्रमाने लिहून ठेवतेय. दर आणि नियम दरवेळी थोडेफार बदलतात तेव्हा आकडे तुमच्या वेळचे बघून घ्या, पण कामाची रीत बरीचशी हीच असते.

आम्ही रायगड जिल्ह्यातल्या श्रीवर्धन तालुक्यातले, समुद्रापासून चालत दहा मिनिटांवर घर. जुनं कौलारू, पुढे ओटी, मागे पडवी आणि पडवीच्या मागे अठरा गुंठ्यांची वाडी, म्हणजे बाग. तीनशेच्या आसपास पोफळी म्हणजे सुपारीची झाडं, बावीस माड म्हणजे नारळ, चार जायफळं, पोफळींवर चढवलेले मिरीचे वेल. २०२० च्या त्या मे महिन्यात घरात मी, सासूबाई आणि मुलगी तिघीच होतो, हे मुंबईत नोकरीवर अडकलेले कारण लॉकडाऊन आणि जिल्हा ओलांडायला ई-पास.

३१ मेच्या आसपास अरबी समुद्रात कमी दाबाचा पट्टा झालाय असं बातम्यांत आलं. १ जूनला त्याचं डिप्रेशन झालं, म्हणजे वादळाच्या आधीची पायरी, त्याच दिवशी केरळात मान्सून आल्याचंही जाहीर झालं त्यामुळे अर्ध्या गावाला वाटलं हा पाऊसच आहे. २ तारखेला दुपारी त्याचं चक्रीवादळ झालं आणि नाव पडलं निसर्ग. हे नाव बांगलादेशने दिलेलं, नवीन यादीतलं पहिलंच. त्याआधी दोन आठवड्यांपूर्वी अम्फानने बंगालमध्ये काय केलं ते टीव्हीवर बघितलं होतं, पण वादळं ही पूर्व किनाऱ्याची, आपल्याकडे २००९ चं फयान सोडलं तर फार काही होत नाही, असं आमच्याकडच्या म्हाताऱ्या माणसांचंही मत होतं.

हवामान खात्याच्या बुलेटिनमध्ये एक वाक्य होतं की वादळ हरिहरेश्वर आणि दमणच्या मध्ये, अलिबागच्या जवळपास, ३ जूनला दुपारी किनारा ओलांडेल. टीव्हीवर मात्र सगळं मुंबई मुंबई चाललेलं. हरिहरेश्वर आमच्याच तालुक्यात, म्हणून ते नाव ऐकल्यावर मी मनाशी धरलं की हे आपल्याकडे येऊ शकतं. नकाशात वादळाच्या वाटेची एक रेघ असते आणि तिच्या दोन्ही बाजूंनी पुढे रुंद होत जाणारा पट्टा असतो. बहुतेक लोक रेघ बघतात आणि रेघ आपल्या गावावरून जात नाही म्हणून निवांत राहतात. पट्ट्यात गाव येतंय का ते बघायचं, कारण केंद्र त्या पट्ट्यात कुठूनही जाऊ शकतं. निसर्ग आधी गोव्याच्या पश्चिमेला समुद्रात होतं, तिथून सरळ उत्तरेला निघालं आणि मग ईशान्येकडे वळून आमच्या किनाऱ्यावर आलं. त्या वळण्यात जरा इकडेतिकडे झालं की पन्नास-साठ किलोमीटरचा फरक पडतो. तेवढ्यात मुंबई वाचली आणि श्रीवर्धन, म्हसळा, मुरूड सापडले.

२ तारखेला ग्रामपंचायतीची रिक्षा भोंगा लावून फिरली. किनाऱ्यावरच्या कच्च्या घरातल्या लोकांना शाळेत हलवलं, तिथे मास्क आणि अंतर वगैरे कोरोनाचे नियम आणि बाहेर वादळ, पोलीसपाटलांची फार ओढाताण झाली. आम्ही संध्याकाळपर्यंत टाकी भरली, पिण्याचं पाणी कळशांत भरून माजघरात ठेवलं, फोन आणि बॅटऱ्या चार्ज केल्या, गॅसचा सिलेंडर आत घेतला. कागदपत्रांची पत्र्याची पेटी होती, तिच्यातले सगळे कागद दोन प्लॅस्टिकच्या पिशव्यांत एकात एक घालून बांधले आणि पेटी घरातल्या एकाच स्लॅबच्या खोलीत, म्हणजे न्हाणीघरावरच्या माळ्यावर ठेवली. पुढचे सहा महिने त्या पेटीवर निघाले म्हणून हे मुद्दाम सांगतेय.

३ जूनला सकाळी नऊ-साडेनवापासून वारा वाढला, लाईट आधीच बंद केलेली. अकरानंतर वारा नुसता वाहत नव्हता, त्याचा आवाज यायला लागला, एकसारखा, मध्ये श्वास न घेता. सुरुवातीला वारा डोंगराकडून होता. साडेबाराच्या सुमारास मागच्या पडवीची कौलं उडायला लागली, एक एक नाही, ओळीच्या ओळी. आम्ही तिघी न्हाणीघरात बसलो. सासूबाई रामरक्षा म्हणत होत्या आणि मुलगी माझा हात सोडत नव्हती. मग थोडा वेळ वारा पडला. शेजारचे काका तेवढ्यात बाहेर येऊन बघायला लागले, त्यांच्या मुलाने ओरडून त्यांना आत घेतलं आणि फार बरं केलं, कारण थोड्याच वेळात वारा उलट्या बाजूने, समुद्राकडून सुरू झाला आणि तो जास्त वाईट होता.

हे का होतं ते नंतर वाचलं. आपल्याकडची वादळं घड्याळाच्या उलट दिशेने फिरतात, त्यामुळे केंद्र जवळ येत असताना वारा जमिनीकडून येतो आणि केंद्र पुढे सरकलं की समुद्राकडून. मधे जी शांतता वाटते ती केंद्राची. आधीच्या वाऱ्याने झाडाची मुळं एका बाजूने ढिली झालेली असतात आणि मग उलटा धक्का बसतो. आमच्या वाडीतल्या निम्म्या पोफळी त्या दुसऱ्या वाऱ्यात गेल्या. तेव्हा वादळात वारा एकदम थांबला तर संपलं समजून बाहेर पडू नका, निदान तासभर तरी थांबा.

हवामान खात्याने नंतर सांगितलं की किनारा ओलांडताना वेग ताशी ११० ते १२० किलोमीटर होता, साडेबारा ते अडीचच्या दरम्यान. पुढे ते पुणे जिल्ह्यातून नाशिककडे गेलं आणि कमी कमी होत गेलं, समुद्राची गरम वाफ मिळायची बंद झाली की वादळाचा जोर उतरतो. पण तिकडे जुन्नर, मावळ, खेड भागातही पॉलिहाऊस आणि घरं गेली, समुद्रापासून लांब आहोत म्हणून काही होत नाही असं नाही.

चारनंतर बाहेर आलो. वाडीतून पलीकडची गल्ली दिसत होती. लग्न होऊन आल्यापासून मी घराच्या मागच्या दारातून कधी आभाळ एवढं बघितलं नव्हतं. सासूबाई काही बोलल्या नाहीत, त्यांनी खाली पडलेली एक विरी, म्हणजे पोफळीच्या झावळीचा देठाकडचा पसरट भाग, उचलली आणि बाजूला ठेवली, मग दुसरी उचलली. मी त्यांना आत नेलं.

पहिले आठ दिवस फक्त पाणी, छप्पर आणि फोन एवढंच चाललं. टॉवर बंद, रस्त्यावर झाडं आणि विजेचे खांब. यांना आम्ही जिवंत आहोत एवढं कळवायला गावातला एक मुलगा मोटरसायकलने माणगावच्या बाजूला रेंज मिळेपर्यंत गेला, पंधरा-वीस घरांचे निरोप वहीत लिहून नेले होते त्याने. ५ तारखेला वटपौर्णिमा होती, गावातला मोठा वड आडवा पडलेला, बायकांनी तिथेच पूजा केली. विहिरीला पाणी भरपूर पण पंप चालणार कशावर, ज्याच्याकडे जनरेटर होता तो घरोघर फिरवून तासाचे पैसे घेऊन टाक्या भरून द्यायचा, आम्ही दीडशे रुपये देत होतो, चार घरांनी मिळून घेतलं तर स्वस्त पडतं. रहाटाची दोरी ज्यांनी काढून टाकली नव्हती त्यांचं बरं झालं. लाईट आमच्या आळीत जुलैच्या मध्यावर आली. बाहेरच्या जिल्ह्यांतून आलेले लाईनमन पावसात खांब खांद्यावर घेऊन वाड्यांमधून जायचे, ती मुलं शाळेत राहायची, गावातल्या बायका आळीपाळीने त्यांना जेवण द्यायच्या.

छपराची घाई होती कारण मान्सून आठवड्यावर आलेला. आधी ताडपत्री, ती एका संस्थेकडून मिळाली. मग कौलं शोधली, मंगलोरी कौलं कुठेच मिळेनात, ज्यांच्याकडे होती त्यांनी भाव चढवले. जुन्या पडलेल्या घराची उतरवलेली कौलं आम्हाला नगाला अठरा रुपयांनी मिळाली, पडवीवर मात्र पत्रे टाकले. सुताराची मजुरी दिवसाला नऊशे, हाताखालचा माणूस पाचशे, वासे आणि रिपा वेगळ्या. पडलेल्या पोफळींच्याच रिपा काढल्या त्यामुळे तेवढा खर्च वाचला. छपराचं सगळं मिळून साठ हजारांच्या वर गेलं. एक सांगते, पावत्या घ्या, साध्या वहीच्या कागदावर सही घेतली तरी चालेल. मदतीसाठी कुणी पावती मागितली नाही पण नंतर एका ठिकाणी उपयोग झाला.

आता पंचनामा.

वादळानंतर दोनच दिवसांनी मुख्यमंत्री अलिबागला येऊन गेले, रायगडसाठी तातडीचे १०० कोटी जाहीर झाले, हे आम्हाला चार दिवसांनी कळलं. पंचनामे लगेच सुरू होणार असं सांगितलं होतं पण तलाठ्याकडे पाच-सहा गावं, रस्ते बंद, फोन बंद. आमच्याकडे पथक जूनच्या दुसऱ्या आठवड्यात आलं. तोपर्यंत वाडी तशीच ठेवायची की साफ करायची हा मोठा प्रश्न, कारण पंचनाम्याआधी झाडं उचलली तर नुकसान दिसणार कसं, आणि न उचलावीत तर विहिरीपर्यंत जायला वाट नाही.

इथे शेजारच्या काकांनी जे सांगितलं ते सगळ्यांना उपयोगी आहे. काका म्हणाले, "झाडं उचल गो, पण बुंधे उपटू नको. बुंध्यावर नंबर घाल." मी आणि मुलीने चुना कालवून प्रत्येक मोडलेल्या बुंध्यावर नंबर घातले, माडांना वेगळे, पोफळींना वेगळे. मग फोटो, आधी चारही कोपऱ्यांतून सगळ्या वाडीचे, मग नंबर दिसतील असे. फोटोवर तारीख आणि ठिकाण छापून येणारं जीपीएस कॅमेऱ्याचं अ‍ॅप असतं, ते आधीच फोनमध्ये टाकून ठेवा, वादळानंतर डाऊनलोड करायला रेंज नसते. आमच्या गेल्या एकशे नव्वद पोफळी आणि नऊ माड, एक जायफळ मुळासकट. वाकलेली आणि शेंडा मोडलेली धरली नव्हती, त्यातल्या बऱ्याच नंतर वाळल्या.

पथक म्हणजे तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक. घराचं तलाठी-ग्रामसेवक बघतात आणि शेतीचं कृषी सहायक आणि तलाठी. फॉर्मवर गट नंबर, एकूण क्षेत्र, बाधित क्षेत्र, पीक आणि नुकसान किती टक्के एवढं असतं. ३३ टक्क्यांच्या वर नुकसान असेल तरच शेतीची मदत बसते हे लक्षात ठेवा. मी तलाठ्यांना म्हटलं, "भाऊसाहेब, झाडं मोजून लिहा ना." ते म्हणाले, "वैनी, फॉर्मात क्षेत्र विचारलंय, झाडांचा रकानाच नाही." मी म्हटलं मग शेऱ्यात लिहा. कृषी सहायक मॅडम स्वतः वाडीत शिरल्या, चिखलातून प्रत्येक नंबर बघितला आणि शेऱ्यात लिहिलं, पोफळी १९०, माड ९, जायफळ १. दोन पंचांच्या सह्या झाल्या, मी त्या कागदाचा तिथेच मोबाईलवर फोटो काढला. हा फोटो काढू द्या म्हणून नम्रपणे मागितला तर कुणी नाही म्हणत नाही.

त्या शेऱ्याचं महत्त्व नंतर कळलं. जूनमध्येच सरकारने जुने दर वाढवले, अंशतः पडझड झालेल्या घराला सहा हजारांऐवजी पंधरा हजार, पूर्ण पडलेल्या घराला दीड लाख, आणि फळबागेला हेक्टरी पन्नास हजार, दोन हेक्टरच्या मर्यादेत. ऐकायला पन्नास हजार बरे वाटतात. पण श्रीवर्धन-दिवेआगरकडे हेक्टरभर वाडी कुणाची आहे? दहा गुंठे, पंधरा गुंठे, फार तर अर्धा एकर. हेक्टरी पन्नास हजार म्हणजे गुंठ्याला पाचशे रुपये. आमच्या अठरा गुंठ्यांना नऊ हजार. नुसते बुंधे कापायला आलेल्या कटरवाल्याने दिवसाचे अडीच हजार घेतले होते, आणि तो तीन दिवस होता.

मला इथे मनापासून वाटतं ते लिहिते. भाताचं शेत क्षेत्राने मोजणं बरोबर आहे, यंदा गेलं तर पुढच्या जूनला परत पेरता येतं. वाडी क्षेत्राने मोजता येत नाही. पोफळ लावल्यावर सहा-सात वर्षांनी धरते, माडालाही तेवढाच वेळ लागतो, आणि त्याच गुंठ्यात खाली जायफळ, वर मिरी असं एकावर एक पीक असतं. एका पोफळीचे वर्षाला चारशे-पाचशे सुटायचे, ते पुढची सात वर्षं येणार नाहीत. हे नुसतं आमच्या घरचं रडगाणं नव्हतं, तालुक्यातले सगळे बागायतदार हेच सांगत होते, निवेदनं दिली गेली, आणि पुढे सरकारने झाडामागे मदत ठरवली, पोफळीला ५० रुपये आणि नारळाला २५०. झाडाची किंमत ही नाहीच, पण निदान झाड मोजलं गेलं. ज्यांच्या पंचनाम्यात झाडांचा आकडा होता त्यांची यादी लगेच तयार झाली, बाकीच्यांच्या वाड्यांत परत जावं लागलं आणि तोपर्यंत बुंधे उपटून जाळून झालेले.

कागदांचं. आम्हाला लागले ते असे, शेतीसाठी सातबारा आणि ८अ, घरासाठी ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा. हे दोन आठ वेगवेगळे आहेत, ८अ जमिनीचा, नमुना ८ घरपट्टीचा, रांगेत अर्ध्या लोकांची गडबड इथेच होत होती. आधारची झेरॉक्स, बँक पासबुकाचं पहिलं पान ज्यावर खाते नंबर आणि आयएफएससी कोड स्वच्छ दिसतो, फोटो आणि मोबाईल नंबर. सातबारा ऑनलाईन डिजिटल सहीचा पंधरा रुपयात निघतो पण त्या वेळी लाईट नाही, नेट नाही, तालुक्याच्या गावाला जनरेटरवर चालणाऱ्या एका झेरॉक्सच्या दुकानात भली मोठी रांग. म्हणून प्रत्येक कागदाच्या तीन-तीन प्रती मे महिन्यातच काढून पिशवीत ठेवा.

आमची खरी अडचण सातबाराची होती. सासरे २०१४ ला गेले. सातबारावर त्यांचं नाव, शिवाय त्यांच्या दोन भावांची. कोकणात हे घरोघरी आहे, जमीन एकाच्या वहिवाटीला असते आणि कागदावर दहा नावं असतात, त्यातली निम्मी माणसं हयात नसतात आणि उरलेली मुंबई, पुणे, बडोद्याला. सामायिक खातं असेल तर पैसे एकाच्या खात्यात जमा करायला बाकीच्यांचं संमतीपत्र लागतं. आमच्याकडे शंभराच्या स्टॅम्पवर हमीपत्र मागितलं, की मिळालेल्या रकमेबद्दल इतर हिस्सेदारांची तक्रार आल्यास जबाबदारी आमची. एक चुलत सासरे पुण्याला, त्यांनी फोनवरच मजकूर लिहून घेतला आणि सही करून कुरिअर केलं. दुसऱ्यांचा मुलगा, म्हणजे माझे चुलत दीर, बडोद्याला. त्यांना आधी वाटलं आपला हक्क सोडून देण्याचा कागद आहे. यांनी त्यांना रात्री फोन करून नीट समजावलं की ही फक्त नुकसानीच्या पैशाची संमती आहे, जमिनीचा हक्क जसाच्या तसा राहतो, आणि मजकुरात तसं स्पष्ट एक वाक्य घातलं. तुम्हीही ते वाक्य घाला, नात्यात गैरसमज होत नाहीत. त्यांचा कागद येईपर्यंत जुलै संपत आला.

यात आणखी एक भर, सातबाऱ्याच्या पीकपाहणीत आमच्या गटावर फक्त नारळ लागलेला, पोफळीची नोंदच नाही. वर्षानुवर्षं कुणी बघितलंच नव्हतं. पंचनामा प्रत्यक्ष पाहून झालेला होता म्हणून निभावलं पण त्यासाठी वेगळा अर्ज द्यावा लागला. आता १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी मोबाईलवर स्वतः करता येते, वाडी असेल तर मिश्र पीक म्हणून सगळी झाडं संख्येसकट लावून घ्या, अगदी चार जायफळं असतील तरी.

बँकेत सासूबाईंचं खातं निष्क्रिय निघालं, बरेच दिवस व्यवहार नव्हता. केवायसीसाठी त्यांना स्वतः यावं लागेल म्हणाले, पंच्याहत्तर वर्षांचं माणूस, बाहेर कोरोना, आत एका वेळी पाचच जण. शेवटी मॅनेजरने रांगेतून पुढे घेतलं, अंगठा आणि सही दोन्ही करून खातं सुरू झालं. घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या खात्यात सहा महिन्यातून एकदा तरी शंभर रुपये टाका किंवा काढा. आणि आधारवरचं नाव, पासबुकावरचं नाव आणि सातबारावरचं नाव एकच आहे का ते बघा, आमच्या शेजारी एका आजोबांचं नाव तिन्हीकडे तीन प्रकारे होतं, त्यांचे पैसे दोनदा परत गेले.

यादी ग्रामपंचायतीच्या बोर्डावर लागते. लागल्या दिवशीच जाऊन बघा, नाव, रक्कम, खाते नंबरचे शेवटचे आकडे. हरकत द्यायला मुदत थोडी असते आणि अर्ज द्याल तो दोन प्रतीत द्या, एकीवर पोच म्हणून सही-शिक्का घ्या. माझ्याकडे अशा पोचांची एक फाईलच झाली होती, प्रत्येक वेळी नवीन माणूस टेबलावर असला तरी पोच दाखवली की पुढे बोलणं होतं. आवाज कधी चढवला नाही, कारण समोरचा माणूसही महिनाभर घरी न गेलेला दिसत होता, पण विचारायचं थांबवलं नाही.

घराचे पंधरा हजार जुलैत जमा झाले. वाडीचे नऊ हजार गणपतीच्या आधल्या आठवड्यात, त्या वर्षी गणपती २२ ऑगस्टला होते. मोबाईलवर मेसेज आला तेव्हा मी विहिरीवर होते, सासूबाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या रोपं आणायला ठेव. झाडांच्या हिशोबाने वाढीव रक्कम थंडीत आली, आधीचे नऊ हजार वजा जाऊन दोन हजार सातशे पन्नास. म्हणजे छपराला साठ हजार, वाडी साफ करायला वीस हजारांच्या वर, आणि हातात आले सव्वीस हजार सातशे पन्नास. हे आकडे मुद्दाम देतेय, म्हणजे मदतीवर सगळं उभं राहील असं धरून कुणी कर्ज काढू नये. पण ते पैसे आले ते फार योग्य वेळी आले हेही तितकंच खरं.

वाडीचं थोडं सांगते कारण याबद्दल फार कुणी बोलत नाही. वादळात उभी राहिलेली झाडंही लगेच सुटत नाहीत. पहिल्या चार-पाच दिवसात समुद्राकडची सगळी पानं करपून तपकिरी झाली, वाऱ्याबरोबर आलेल्या खाऱ्या पाण्याने. मग पाऊस पडून ती धुतली गेली आणि थोडा जीव आला. पण दाट वाडीत वाढलेली पोफळ एकदम उघड्यावर पडली की तिच्या खोडाला नैर्ऋत्येकडचं दुपारचं ऊन लागतं, साल भाजते आणि पुढच्या दोन वर्षांत झाड तिथूनच मोडतं. कृषी सहायक मॅडमनी सांगितल्याप्रमाणे आम्ही ऑक्टोबरमध्ये राहिलेल्या पोफळींच्या खोडांना त्या बाजूने झावळ्या आणि विऱ्या बांधल्या. ज्यांनी बांधलं नाही त्यांची झाडं नंतरही गेली. दुसरं म्हणजे माडाचे पडलेले बुंधे वाडीत कुजत ठेवू नका, त्यात गेंड्या भुंगा वाढतो आणि उभ्या माडांचा कोंब खातो. आमच्या आळीत सगळ्यांनी मिळून ट्रॉली ठरवून ते बाहेर काढले, एकट्याला परवडत नाही.

रोपं पुढच्या वर्षी लावली, आम्ही घाई केली नाही. आधी केळी लावल्या, कारण पोफळीच्या लहान रोपाला सावली लागते आणि वाडीत सावलीच उरली नव्हती. केळी वर आल्यावर त्यांच्या आडोशाला पोफळी, साधारण नऊ-नऊ फुटांवर. जुनी वाडी यापेक्षा दाट होती, सासऱ्यांनी जागा मिळेल तिथे लावलेलं. रोजगार हमीतून फळबाग लागवड मिळते पण त्याला जॉबकार्ड लागतं आणि सातबारा स्वतःच्या नावावर लागतो, तिथे परत तेच अडलं.

म्हणून वारस नोंदीचं काम हाती घेतलं. मृत्यूचा दाखला, वारसांची नावं असलेलं प्रतिज्ञापत्र, सगळ्यांचे आधार, तलाठ्याकडे अर्ज. फेरफार, म्हणजे नावं बदलल्याची नोंद, धरला जातो, नोटीस निघते, पंधरा दिवसात हरकत आली नाही तर मंडळ अधिकारी मंजूर करतात. प्रतिज्ञापत्र आणि झेरॉक्स मिळून आमचा पाचशे-सहाशे रुपये खर्च झाला. सहा वर्षं जे राहून गेलेलं ते शांत वेळेला केलं तर दोन महिन्यात होतं, वादळानंतरच्या गर्दीत त्याला कुणाकडे वेळ नसतो. बडोद्याच्या दिरांनी स्वतःहून सांगितलं की आमचीही नोंद याच वेळी करून टाकू, त्यामुळे आता सातबारावर हयात माणसांचीच नावं आहेत.

रोपं हवी असतील तर श्रीवर्धनच्या सुपारी संशोधन केंद्रात चौकशी करा, कोकण कृषी विद्यापीठाचं आहे. वादळानंतर मागणी फार होती तेव्हा नाव आधी नोंदवावं लागत होतं, मे महिन्यात जाऊन या. साधारण वर्ष-दीड वर्षाचं, बुटकं आणि बुंध्याशी जाड रोप निवडा, उंच झालेलं रोप बघायला बरं वाटतं पण ते वाऱ्याला टिकत नाही. आणि संमतीपत्राचा मजकूर कुणाला हवा असेल तर मागा, आमचा टाईप केलेला आहे, नावं बदलून वापरता येईल.